पोस्टाची आरडी, एजंट काकू आणि मोशीतला वन बीएचके

पाच वर्षं वापरून झालेल्या गोष्टीबद्दल लिहिते आहे. पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, आणि तीही घरी येऊन हप्ता नेणाऱ्या महिला एजंटमार्फत. मी चिंचवडच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे, नवरा भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. पगार वाईट नाहीत, पण दोघांच्याही घरून जमिनीचा तुकडा किंवा रोख काही मिळणार नव्हतं. कर्जाव्यतिरिक्त लागणारा पैसा आम्हालाच उभा करायचा होता.

जुलै 2020 मध्ये दोन खाती उघडली, एक महिना 10,000 चं आणि एक 2,000 चं. दर तेव्हा 5.8 टक्के होता. त्याच वर्षी मार्चपर्यंत तो 7.2 होता, त्यामुळे ऑफिसात सगळे म्हणाले, आत्ता कशाला पोस्टात जातेस? एका सहकाऱ्याने म्युच्युअल फंडाची एसआयपी सुचवली, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडामार्फत बाजारात गुंतवायची. त्याचं त्याच्यापुरतं बरोबर होतं, त्याच्यापुढे कुठली तारीख नव्हती. आमच्यापुढे होती. मुलगी पहिलीत जायच्या आधी भाड्याचं घर सोडायचं होतं. ज्या महिन्यात व्यवहार ठरेल त्याच महिन्यात बाजार खाली असला तर काय, हा विचार मला झोपू देणार नव्हता.

या सेवेचा खरा जीव म्हणजे एजंट काकू. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली नेमलेल्या या बायका, आमच्या भागात तरी, चाळीचाळीत ओळखीच्या असतात. त्यांचं कमिशन सरकार देतं, आपल्या रकमेतून एक पैसाही कापला जात नाही. हे मी सुरुवातीलाच विचारून घेतलं होतं आणि काकूंनी न चिडता नीट समजावलं. पगार सातला व्हायचा, काकू त्यानंतरच्या रविवारी सकाळी यायच्या. आमचं खातं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेलं, म्हणून हप्ता दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत जायला हवा. सोळा तारखेनंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत मुदत मिळते. आपला पगार कधी होतो ते बघून खातं उघडण्याची तारीख निवडा, कारण ती पाच वर्षं सोबत राहते.

मोबाइलवरूनही हप्ता भरता येतो, एजंट नको असेल तर. आमच्या घरात ते चाललं नसतं असं माझं ठाम मत आहे. फोनवर "पुढच्या आठवड्यात भरू" म्हणणं सोपं असतं. दारात उभ्या असलेल्या, पाणी पिऊन वही उघडणाऱ्या बाईला ते म्हणताना जीभ अडते. सणासुदीला, लग्नसराईत, नवऱ्याला नवी गाडी दिसली तेव्हा, प्रत्येक वेळी रविवार आला आणि पैसे गेले.

एका महिन्यात मात्र कंपनीचा ओव्हरटाइम बंद झाला आणि मोठ्या खात्याचा हप्ता राहिला. दंड शंभर रुपयांमागे एक रुपया, म्हणजे शंभर रुपये. पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते भरले, विषय संपला. सलग चार हप्ते चुकले तर खातं बंद पडतं आणि ते पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात, हे काकू दर वेळी बजावायच्या. उलट बाजूही त्यांनीच सांगितली: एकदम सहा हप्ते आगाऊ भरले तर शंभराच्या हप्त्यामागे दहा रुपये सूट, बारा भरले तर चाळीस. दिवाळीच्या बोनसातून आम्ही सहा महिन्यांचे 10,000 वाले हप्ते आगाऊ टाकले आणि हजार रुपये वाचले.

सासूबाईंचं ऑपरेशन निघालं तेव्हा खातं मोडायचं का, हा प्रश्न आला. मुदतीआधी खातं तीन वर्षांनंतरच बंद करता येतं, आणि तेव्हाही व्याज मिळतं बचत खात्याचं, म्हणजे 4 टक्के. आम्ही मोडलं नाही. बारा हप्ते झाल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, ठेवीच्या दरापेक्षा 2 टक्के जास्त व्याजाने. छोट्या खात्यावर ते घेतलं, फेडलं, मोठ्या खात्याला हात लागला नाही. दोन वेगळी खाती ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला तिथे दिसला, आणि मी ओळखीच्या प्रत्येकीला हेच सांगते.

खटकलेली गोष्ट म्हणजे दर. खातं उघडताना जो दर असतो तोच पाच वर्षं बांधलेला. 2023 मध्ये नवी खाती आधी 6.2, मग 6.5 आणि ऑक्टोबरपासून 6.7 टक्क्यांनी उघडू लागली, आमचं मात्र 5.8 वरच. 10,000 च्या हप्त्याला पाच वर्षांनी आम्हाला 6,96,967 मिळाले, 6.7 ने 7,13,659 मिळाले असते. व्याजावर कर आहे, आणि या ठेवीत भरलेल्या रकमेवर करसवलतही नाही. कर वाचवायला कोणी आरडी उघडत असेल तर उघडू नये.

आता घराचा हिशेब, कारण तो कोणी आधी नीट सांगत नाही. मोशीतला जुना वन बीएचके 36 लाखांना ठरला. तीस लाखांपर्यंतच्या कर्जावर बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, त्यावर गेलं की 80 टक्के. म्हणून कर्ज बरोबर 30 लाखांवर ठेवलं आणि 6 लाख आमचे. मुद्रांक शुल्क पिंपरी-चिंचवडला 7 टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. घर माझ्या एकटीच्या नावावर केलं, नवरा कर्जात सहअर्जदार. 36,000 रुपये तिथे वाचले आणि शुल्क 2,16,000 आलं. नोंदणी फी 30,000. म्हणजे 8,46,000, आणि ही मुद्रांक-नोंदणीची रक्कम बँक कर्जात धरत नाही, ती खिशातूनच जाते. दोन्ही आरडी मिळून आले 8,36,360. उरलेले दहा हजार, वकिलांचा सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीची तपासणी) आणि बँकेची प्रोसेसिंग फी बोनसातून भागवली.

माझ्याकडून पाचपैकी चार गुण, कापलेला एक बांधलेल्या दरासाठी. ज्यांना वर्ष-दोन वर्षांत घर घ्यायचंय त्यांनी इकडे येऊ नये, त्यांना कमी मुदतीची बँकेतली आरडी बरी. चार-पाच वर्षं हातात असतील आणि पैसा घरात टिकत नसेल, तर जवळच्या पोस्टात अधिकृत एजंट कोण आहे ते विचारा आणि तिचं ओळखपत्र बघा. आधार, पॅन आणि फोटो द्या, वारसाचं नाव पहिल्याच दिवशी लावा. एजंटच्या कार्डावरची सही पुरेशी समजू नका, दर दोन-तीन महिन्यांनी पासबुकावर नोंद छापून घ्या. आमच्या काकू हे स्वतःच आठवणीने करायच्या. मुदत संपल्यावर एवढी मोठी रक्कम रोख मिळत नाही, म्हणून पोस्टात बचत खातं आधीच उघडून ठेवा, नाहीतर इसार द्यायच्या आठवड्यात धावपळ होते.