बाइकवर मोबाइल चार्जिंग: डायरेक्ट बॅटरी, चावीची लाइन की पॉवर बँक?

चार्जर घेऊन गॅरेजमध्ये गेलात की बहुतेक मेकॅनिक त्याच्या लाल-काळ्या वायरी सरळ बॅटरीच्या टर्मिनलला आवळून देतात. दहा मिनिटांचं काम, वायरिंगला हात लावायचा नाही. पण छोट्या गाडीला हे डायरेक्ट कनेक्शन नको, असं माझं ठाम मत आहे.

मोबाइलला ५ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे १० वॉट द्यायचे तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण १ अँपिअर जातो. गाडी चालू असताना हा भार किरकोळ आहे. हॅलोजन हेडलाइटच ३५ वॉटचा असतो. खरी अडचण गाडी उभी असताना येते. १००-१२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांची बॅटरी ३ ते ५ अँपिअर-अवरची असते. मोबाइल लावलेला नसला तरी चार्जरचं सर्किट आणि त्यावरचा दिवा थोडा करंट खातच राहतात. तो १० मिलीअँपिअर धरला तरी दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर जातात आणि ३ अँपिअर-अवरची बॅटरी दोन आठवड्यांत उतरते. गणपतीला मी तेवढेच दिवस गावी होतो. परत येऊन सेल्फ मारला तर नुसती टकटक, आणि गाडीला किक नाही. सोसायटीच्या उतारावरून ढकलस्टार्ट करावी लागली.

चावीच्या लाइनवर हा धोका नाही. चावी काढली की चार्जर बंद. चावीवरच करंट येणारी वायर टेस्ट लॅम्पने शोधून तिथून लाइन काढतात. एका मोबाइलपुरती रिले (जास्त करंट चावीच्या स्विचमधून न नेता थेट बॅटरीतून देणारा छोटा स्विच) लागत नाही. पुढे फॉग लाइटही लावायचे असतील तर मात्र आताच रिले बसवून घ्या. त्रास जोडाचा असतो. वायर सोलून, पीळ देऊन वर टेप गुंडाळली तर पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. म्हणून सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी (गरम केली की वायरीवर घट्ट आवळते ती) चढवायला सांगा, आणि लाइन जिथून निघते तिथेच २-३ अँपिअरचा फ्यूज. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

मोबाइल चार्जरऐवजी सिगारेट लायटरचा गोल सॉकेट टायरचा पंप चालवायचा असेल तरच घ्या.

रोज तासाभराचीच ये-जा असेल तर गाडीला हातच लावू नका. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन साधारण दीड वेळा भरते आणि ऑफिसातही कामी येते. फक्त तळपत्या उन्हात टाकीवरच्या बॅगेत ठेवू नका, लिथियम सेलना उष्णता सोसत नाही. डिलिव्हरी करणाऱ्याला किंवा पुण्याहून गोव्याला निघालेल्याला मात्र ती पुरत नाही. त्याने चावीची लाइनच घ्यावी.

आणि डायरेक्ट कनेक्शन आधीच झालं असेल तर त्यात निदान फ्यूज आणि एक वॉटरप्रूफ स्विच टाकून घ्या.