सीएनजी गाडीत इरिडियम प्लग: पावसाळ्यानंतरचं मत

पावसाळा सरता सरता गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे इंजिन मधूनच अडखळायला लागलं. फ्लायओव्हरच्या चढाला, वरच्या गिअरमध्ये, आणि फक्त गॅसवर. पेट्रोलवर टाकली की एकदम सुरळीत. सर्व्हिस सेंटरचा निकाल तयारच होता: 'टोकं पांढरी पडलीत, इंजिन लीन चाललंय, चारही प्लग आणि चारही कॉईल बदला.' लीन म्हणजे हवा जास्त, इंधन कमी; कॉईल म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग. टोकाला इरिडियमची सुई असलेले हे प्लग, साध्या निकेलच्या कितीतरी पट किमतीचे, वर्षाच्या आत टाकून द्यायचे?

सीएनजीवर टोक पांढरंच दिसतं. गॅस जळताना काजळी जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या काळातला 'फिकट तपकिरी म्हणजे उत्तम' हा नियम इथे चालत नाही. प्लग खरोखर जास्त तापला असेल तर वेगळ्या खुणा दिसतात. पोर्सलिनच्या टोकावर बारीक फोड येतात, काचेसारखी चकाकी येते, इलेक्ट्रोडच्या कडा वितळल्यासारख्या गोल होतात. यातलं काही नसेल तर नुसत्या पांढऱ्या रंगावर कुणालाही पैसे देऊ नका.

प्लग बघायचे तर सायनच्या ट्रॅफिकमध्ये रखडून आल्यावर बघू नका. आयडलिंगमध्ये टोक सुमारे 450 अंशांच्या खाली राहतं, साचलेलं जळून जात नाही, आणि पेट्रोलवर तर कडेला काजळी दिसतेच. ईस्टर्न फ्रीवेवर एका लयीत गाडी चालवा, उतरल्यावर फार रेंगाळू न देता इंजिन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं आहे. गरम असताना प्लग काढला तर आटे जातात. पाना लावण्याआधी प्लगच्या नळीतली धूळ हवा मारून काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच ठेवा. चारही सारखेच काळे असतील तर दोष सामाईक: एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, कूलंट टेंपरेचर सेन्सर. एकच वेगळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, कॉईल किंवा व्हॉल्व्ह सील. सगळे एका ट्रेमध्ये मिसळले की हे वाचनच संपलं, आणि सर्व्हिस सेंटरने नेमकं तेच केलं होतं.

आता मुख्य गोष्ट, जी कुणीच बघत नाही. प्लग उलटा धरा आणि षटकोनाच्या वरचं पांढरं पोर्सलिन उजेडात फिरवून बघा. आमच्या एका प्लगवर टर्मिनलपासून खाली धातूपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती. त्याच कॉईलचा, प्लगवर बसणारा रबरी बूट उलटवून आत टॉर्च मारला तर तिथेही तशीच रेघ. ठिणगी टोकाशी न पडता बाहेरून उडी मारत होती. गॅसला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, चढावर दाब वाढला की आणखी जास्त. नळीत पावसाचं पाणी उतरलेलं, बूट कडक झालेला. मग विजेला बाहेरची वाट सोपी. म्हणून फक्त गॅसवर आणि फक्त चढाला मिसिंग. षटकोनाच्या लगत पोर्सलिनभोवती तपकिरी कडं दिसतं, ते निराळं. त्याला गॅरेजवाले 'प्लग लीक' म्हणतात, पण ते निरुपद्रवी असतं.

बूट तसाच ठेवून नवा प्लग घातला तर त्यावरही तीच रेघ उमटते. आधी खात्री करायची असेल तर संशयित कॉईल शेजारच्या सिलिंडरवर लावा. स्कॅनरवरचा पी0302 हा कोड (दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग) पी0303 (तिसऱ्याचं) झाला तर दोष कॉईल-बुटाकडेच. बऱ्याच कॉईलचा बूट आणि आतली स्प्रिंग सुटी मिळते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा, सर्व्हिस सेंटर मात्र अख्खी कॉईलच विकेल. नवा बूट घालताना तोंडाशी डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवा. इथे बूट आणि तो एक प्लग बदलल्यावर मिसिंग पूर्ण थांबलं.

इरिडियमबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला सकाळचं स्टार्टिंग आणि आयडल इतकं छान होतं की पैसे वसूल वाटले. आता मधली सुई शाबूत आहे, पण समोरची पट्टी साध्या निकेलची, तिला खड्डा पडलाय. सुई आणि पट्टीमधल्या 0.8 मिमीच्या गॅपमध्ये 0.9 मिमीची तार सैल जाते. म्हणजे पेटीवर 'इरिडियम' असून उपयोग नाही, पट्टीवरही प्लॅटिनमचा ठिपका हवा. तो नसेल तर सीएनजीवर निकेलचेच प्लग वेळेवर बदलणं स्वस्त पडतं. गॅप नीट करताना फक्त पट्टी हलवा, सुईला पाना किंवा गॅप मोजायचं नाणं लावू नका, वायर ब्रश तर अजिबात नाही.

बसवताना आट्यांना ग्रीस नको. 14 मिमीच्या प्लगला 25 ते 30 न्यूटन मीटर, 12 मिमीला 15 ते 20. टॉर्क पाना नसेल तर आधी हाताने पूर्ण बसवा, मग नव्या वॉशरला अर्धा फेरा, जुन्याला घड्याळाच्या एका तासाएवढाच. आणि दर पावसाळ्यानंतर चारही बूट उलटवून बघा, प्लग काढायची गरज नसली तरी.