पाइप विकणाऱ्यालाच पाइपमध्ये फसवले: पिकअपच्या केबिन गार्डचा अनुभव

गेली बावीस वर्षे मी बोअरवेलच्या आणि नळकामाच्या पाइपचा व्यवसाय करतो. पिवळा पट्टा म्हणजे ए क्लास (पातळ), निळा म्हणजे बी (मध्यम), लाल म्हणजे सी (जाड), हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगतो. अशा माणसाला स्वतःच्याच पिकअपच्या केबिन गार्डमध्ये, म्हणजे केबिनमागच्या लोखंडी चौकटीत, तेही पाइपच्या जाडीवरून, ३८,५०० रुपयांना फसवण्यात आले. हे लिहिताना लाज वाटते. पण त्या माणसाच्या शेडसमोर अजूनही नव्या गाड्या उभ्या दिसतात, म्हणून लिहितो आहे.

पिकअपचा हौदा जेमतेम नऊ फुटांचा आणि पाइप वीस फुटी असल्यामुळे माल केबिनवरून तिरपा टाकावा लागतो. अचानक ब्रेक लागला की तो पुढे सरकतो. म्हणून हौदा आणि केबिन यांच्यामध्ये भक्कम चौकट हवी होती. मे २०२५ मध्ये हमरस्त्यालगतच्या एका फॅब्रिकेटरकडे गेलो. ठरले ते असे: ५० बाय ५० चौकोनी पाइप, जाडी ३ मिलिमीटर, एकूण साठ फूट, मागच्या काचेपुढे जाळी, १२ मिलिमीटरचे ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट आणि वरून हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर. त्याने पाइपचा कापलेला तुकडा माझ्या हातात दिला, व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) लावून ३ मिलिमीटर दाखवले. तुकडा खराच होता. गार्ड मात्र त्या पाइपचे नव्हते. नमुना दाखवतील त्यावर खूण करून तो स्वतःजवळ ठेवा आणि तयार मालावर व्हर्नियर स्वतः लावा.

२०,००० रुपये मी यूपीआयने दिले, तेही त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच नावाच्या खात्यावर. उरलेले १८,५०० रुपये रोख दिले. बिल घेतले असते तर १८ टक्क्यांप्रमाणे ६,९३० रुपये जीएसटी पडला असता. तो वाचवण्याचा मोह मला झाला, हे मी नाकारत नाही. आमच्या व्यवसायात अशी ‘एस्टिमेट’ची चिठ्ठी सगळेच घेतात, असे मी स्वतःला समजावले होते. पुढे त्या चिठ्ठीवर दुकानाचा पत्तासुद्धा नव्हता, हे मला पोलिसांनी दाखवून दिले.

आता ज्या क्षणाची आठवण आली की अजूनही झोप उडते, तो सांगतो. गार्ड बसवण्याच्या दिवशी दोन पोरांनी ती चौकट शेडमधून उचलून आणली. त्यांतल्या एकाने खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल धरला होता, तो कोणाशी तरी हसत बोलत होता आणि चौकट त्याच्या एका हातात होती. ३ मिलिमीटर जाडीची ५० बाय ५० ची वीस फुटी लांबी साधारण २७ किलोची भरते. तीन लांब्यांचे ८१ किलो, जाळी आणि पट्ट्या धरून ९० च्या घरात. असे वजन कोणी फोनवर बोलत उचलत नाही. आयुष्यभर पाइप उचललेल्या मला हे हाताला कळायला हवे होते, नव्हे, डोळ्यांना कळायला हवे होते. पण मी त्या वेळी चहा पीत होतो आणि चांदीसारखा चमकणारा रंग पाहून खूश होतो. दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टोप्या ठोकलेल्या असल्यामुळे जाडी दिसली नाही, हे खरे; पण टोपी काढायला मला कोणी अडवले होते?

तो चमकणारा थर गॅल्व्हनायझिंग नव्हे, चंदेरी स्प्रे होता. बंद पाइप सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवायचा असेल, तर आतली हवा बाहेर पडण्यासाठी भोके ठेवावीच लागतात, नाहीतर स्फोटाचा धोका असतो. माझ्या गार्डला एकही भोक नव्हते. तेवढे पाहिले असते तरी पुरे होते.

बसवणे तर त्याहून वाईट. हौद्याच्या तळाखालच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे आडव्या लोखंडी पट्टीला, प्लेट देऊन बोल्ट जायला हवे होते. त्याने पुढच्या पत्र्यालाच, मागे प्लेट न देता, ८ मिलिमीटरचे बिनखुणेचे बोल्ट मारले आणि वर रबरी मॅट अंथरली. (खऱ्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ उठवलेले असते.) शिवाय दोन पट्ट्या केबिनच्या छताला जोडल्या. केबिन आणि हौदा चालत्या गाडीत वेगवेगळे हलतात, त्यामुळे गार्ड केबिनला कधीच जोडायचे नसते. मी मात्र ‘किती घट्ट बसले’ म्हणून त्याची पाठ थोपटली.

ऑगस्टमध्ये पुणे-बंगळुरू महामार्गावर पुढची गाडी थांबली आणि मला ब्रेक मारावा लागला. गाडीत दोन इंची बी क्लासच्या फक्त पंधरा लांब्या होत्या, म्हणजे पाचशे किलोही नव्हे. गार्ड वाकले, पत्रा बोल्टांसकट फाटला, मागची काच फुटली. माझ्या मानेपासून पाइप वीतभर अंतरावर थांबला. काचेचे ३,२००, छताच्या डेंटिंग-पेंटिंगचे ७,८००, वाकलेल्या दोन लांब्यांचे ५,००० रुपये. गार्ड धरून एकूण ५४,५००. नंतर गार्ड भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवले, तर ते ५३ किलो भरले. कापून मोजल्यावर जाडी निघाली १.६ मिलिमीटर.

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला होते. दुसऱ्यांदा ‘ही दिवाणी बाब आहे’ असे ऐकवण्यात आले. तिसऱ्यांदा मी भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ छापून नेले, तेव्हा ‘तुम्ही वकील आहात का?’ असा प्रश्न आला. नमुना एका जाडीचा दाखवून माल निम्म्या जाडीचा देणे ही फसवणूक नसेल, तर फसवणूक कशाला म्हणायचे, याचे उत्तर कोणी दिले नाही. अर्जाची शिक्क्याची पोच मात्र भांडून घेतली; तुम्हीही घ्या, तोंडी तक्रारीला काडीची किंमत नसते. परिवहन कार्यालयात मदत मिळेल म्हणून गेलो, तर तिथल्या अधिकाऱ्याने मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ काढून माझेच गार्ड हा विनापरवाना बदल असल्याचे सांगितले आणि ५,००० रुपये दंडाची आठवण करून दिली. ज्याने बनवले त्याला कोणी विचारत नाही, जो फसला त्यालाच कलम दाखवतात! कर कार्यालयात गेलो, तर त्यांनी माझ्याकडेच बिल मागितले. बिल असते तर मी तिथे गेलोच कशाला असतो?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. समोरच्या वकिलाने लगेच मुद्दा काढला की मी व्यापारी आहे, ग्राहक नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येबाहेर जात नाही, हे मला रात्री जागून वाचावे लागले. कायद्यात निकालाला तीन महिने सांगितले आहेत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तीन तारखा नुसत्या नोटीस बजावण्यातच गेल्या. यूपीआयची नोंद होती म्हणून २०,००० तरी सिद्ध करता येतात. रोख दिलेल्या १८,५०० साठी माझ्या शब्दापलीकडे काही नाही.

गार्ड गोदामामागे ताडपत्रीखाली ठेवले आहे. भंगारवाला त्याचे १,५९० रुपये द्यायला तयार आहे आणि दर आठवड्याला विचारतो. पुरावा असल्यामुळे मला ते विकता येत नाही.