कारवीच्या कुडाची खोली: जव्हारच्या कारागिरांचं काम

जव्हारजवळ शेतावर गावातल्याच कारागिरांकडून कुडाची खोली बांधून घेतली. काम अव्वल! कारवी या रानझुडपाच्या काठ्या उभ्या रचून बांबूच्या आडव्या कांबींना घट्ट बांधल्या, दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि भाताच्या तुसाचं लिंपण. तुसामुळे भेगा फारच कमी. मेच्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, इथे मात्र शांत झोप लागते. कारवी साधारण ८ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरून वाळते; त्यांनी बी गळल्यावरच काठी तोडली, याचं मला फार कौतुक.

पश्चिमेची वळचण मात्र आखूड राहिली, पावसाच्या झडीनं तिथलं लिंपण धुपलं. तुम्ही हातभर जास्त मागून घ्या. पावसाळ्यानंतर दरवर्षी सारवावं लागतं. ते जमणार नसेल तर कूड घालू नका.