घरगुती ग्लुकोमीटर: कोकणच्या दमट हवेत

रत्नागिरीत घेतलेला हा ग्लुकोमीटर, म्हणजे रक्तातली साखर मोजणारे यंत्र, वापरायला सोपा असून रक्ताच्या बारीकशा थेंबावर काही सेकंदांत आकडा दाखवतो. त्याचा खरा उपयोग जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी कळतो. उकडा भात ताटभर खाल्ल्यावर माझी साखर २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर जाते, आणि तोच भात मूठभर घेऊन सोबत बांगड्याचे तिखले, पालेभाजी व बिनसाखरेची सोलकढी घेतली की ती बहुधा १८० च्या आत राहते. (तांदळाच्या आंबोळीलाही निरुपद्रवी समजू नये.) मात्र इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच भात कमी करावा, कारण साखर ७० च्या खाली घसरू शकते.

दोष आहे तो रक्ताचा थेंब घ्यायच्या चाचणी-पट्ट्यांत. पावसाळ्यात डबीचे झाकण नीट लागले नाही, तर पट्ट्या दमट हवेने खराब होतात. हापूस कापलेल्या हाताने तपासल्यास आकडा खोटाच चढतो, म्हणून हात धुऊन कोरडे करणे आवश्यक आहे. शिवाय १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक अशा यंत्रांच्या अचूकतेच्या आंतरराष्ट्रीय मानकालाच मान्य असल्याने पाच-दहा अंकांवरून घाबरण्यात अर्थ नाही. खरेदी करताना यंत्राच्या किमतीपेक्षा पट्ट्यांची किंमत पाहावी आणि त्या आपल्या गावात मिळतात का, याची आधी चौकशी करावी.