हॉस्पिसची घरपोच सेवा: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि मुख्यतः त्यांच्या वहीबद्दल

हवेच्या गादीचं भाडं त्यांनी पूर्ण महिन्याचं लावलंय. त्यातले बरेच दिवस ती गादी व्हॉल्व्हमधून हवा गळून सपाट पडली होती, हे फोनवर सांगून झालं, फोटो पाठवून झाले, ईमेल करून झाला. उत्तर एकच: "मॅडम, पॉलिसी आहे." बाबा गेल्यावर हिशेबावरून भांडायची मला हौस नाही, पण पॉलिसी हा शब्द ऐकला की डोकं फिरतं. म्हणून लिहायला बसले. संस्थेचं नाव घेत नाही, कारण काही गोष्टींसाठी त्यांचे उपकार आहेत आणि भांडण अजून मिटलेलं नाही.

हॉस्पिस म्हणजे आजार बरा होण्यापलीकडे गेला की त्रास कमी ठेवणारी सेवा. याहून जास्त इथे समजावत नाही, ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांना ते माहीत असतं. बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर, मणक्यात आणि खुब्याच्या हाडात पसरलेला. केमो बास, असं त्यांनीच ठरवलं. सेवेत सिस्टरच्या ठरलेल्या भेटी, अधूनमधून डॉक्टर, रात्रीचा फोन, आणि घरच्यांना अगदीच झेपेनासं झालं तर काही दिवस त्यांच्याकडे भरती करायची सोय. माहितीपत्रकं सगळ्यांची सारखीच असतात, त्यावरून काही ठरवता येत नाही. मी वहीवरून ठरवते.

ते प्रत्येक घरी एक नोंदवही ठेवतात. सुरुवातीचे काही आठवडे आमच्या वहीत दर भेटीला एकच ओळ: "पेशंट कम्फर्टेबल. बीपी नॉर्मल. औषधे चालू." तारीख बदलायची, ओळ तीच. एकदा 'कम्फर्टेबल'मधला रफार राहून गेला, तर पुढच्या भेटीच्या नोंदीतही तो नव्हता, आणि त्याच्या पुढच्याही. मी ते तिन्ही पेन्सिलीने गोल करून ठेवले. दादा म्हणाला, "तू काय परीक्षक आहेस का?" म्हटलं, हो, पैसे भरतोय आपण. खाली दर आठवड्याला पर्यवेक्षकांची हिरव्या शाईतली सही, बाजूला 'तपासले' असा शिक्का. काय तपासलं ते त्यांनाच माहीत.

मी एका ओळीसाठी एवढी का चिडले, तर बाबा उताणे, स्थिर पडलेले असले की त्यांना फारसं दुखत नसे. सिस्टर यायच्या, खुर्चीत बसायच्या, विचारायच्या, "काका, दुखतंय का?" बाबा म्हणायचे, "नाही." ते खोटं नव्हतं. खरं दुखणं सुरू व्हायचं सिस्टर गेल्यावर, स्पंजिंगसाठी कूस वळवली की. तेव्हा ते खाटेचा कठडा असा धरायचे की बोटांची पेरं पांढरी पडायची. हाडात पसरलेल्या कॅन्सरचं हे नेहमीचं लक्षण आहे: पडून असताना शांत, हललं की कळ. ज्यांचं कामच हे आहे त्यांना ते मी सांगायला नको होतं. मी सांगितलं, तर "औषध चालू आहे ना, बरं वाटेल" एवढंच उत्तर मिळालं.

तोपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं की ही सेवा बंद करून टाकावी आणि दुसरी शोधावी. मग नेहमीच्या सिस्टर रजेवर गेल्या आणि बदलीवर दुसऱ्या आल्या. त्या बसल्याच नाहीत. हात धुतले, बाबांच्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला जरा कुशीवर घेते. आत्ता किती दुखतंय आणि वळताना किती, शून्य ते दहामध्ये सांगा." पडून २, वळताना ८. वहीत दोन्ही आकडे, समोर वेळ. तिथूनच डॉक्टरांना फोन केला आणि खाली लिहिलं: "स्पंजिंगच्या अर्धा ते एक तास आधी जादा डोस."

बाबांना तेव्हा मॉर्फिन तोंडानेच होतं, दर चार तासांनी १० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ६०. रात्री झोपताना दुप्पट मात्रा द्यायची, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. अधेमधे लागणारा जादा डोस साधारणपणे दिवसाच्या एकूण मात्रेच्या दहाव्या ते सहाव्या हिश्शाइतका ठेवतात. आमच्या बाबतीत तो ६ ते १० मिलिग्रॅममध्ये बसत होता. (तुमच्या पेशंटची मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील, इथून उचलू नका.) ही जादा डोसाची सोय पहिल्या दिवसापासून प्रिस्क्रिप्शनवर होती! ती कधी वापरायची हे कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वहीत नोंद: डोसाआधी वळताना ८, डोसानंतर ४. खाटेचा कठडा त्या दिवशी धरला गेला नाही.

आता माझं मत जरा सरकलं, पण राग उलट वाढला. आधी वाटायचं, यांना येतच नाही. आता कळलं की येतं. एकाच संस्थेत एक सिस्टर विचारते आणि एक उतरवून काढते, आणि दोघींच्या नोंदीखाली तीच हिरवी सही. म्हणजे वही भरायला आहे, वाचायला नाही.

वहीचं एवढं काय, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात मानतात ती १९६७ साली लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी सुरू केलेल्या सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिसपासून. या बाई आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर. सेंट क्रिस्टोफर्सच्या आधी त्या लंडनच्याच सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम करत होत्या, तेव्हा त्यांनी हजारभर रुग्णांच्या नोंदी पंच कार्डांवर ठेवल्या होत्या. दुखायला लागेपर्यंत थांबण्यापेक्षा घड्याळ लावून नियमित मॉर्फिन दिलं तर वेदना आटोक्यात राहते, हे त्यांना नोंदी दाखवून इतर डॉक्टरांच्या गळी उतरवावं लागलं. म्हणजे ही सगळी शाखा उभी राहिली त्यात नोंदींचा मोठा वाटा आहे, आणि यांच्याकडे रफारसुद्धा कॉपी होतो.

एका गोष्टीला मात्र पूर्ण गुण. हॉस्पिस घेतलं म्हणजे आता दवाखान्याचं तोंड बघायचं नाही, असं आम्ही समजत होतो. खुब्याचं दुखणं वाढल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी स्वतःहून रेडिएशन सुचवलं. हाडातल्या दुखण्यासाठी ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) एकच डोस देतात, आणि वेदना कमी करण्यात तो बऱ्याचदा अनेक दिवसांच्या कोर्सच्या तोडीचा ठरतो. पुन्हा द्यावा लागण्याची शक्यता जरा जास्त असते, पण बाबांना रोज गाडीत घालून नेण्यापेक्षा एक फेरी परवडली. फरक पडायला दोनेक आठवडे लागू शकतात हेही आधीच सांगितलं, त्यामुळे लगेच काही वाटलं नाही तरी आम्ही घाबरलो नाही. शिवाय मणक्यातला पसारा मज्जारज्जूवर दाब आणू शकतो, तेव्हा पाय लटके पडले, बधिर झाले किंवा लघवी अडली तर सकाळची वाट न बघता फोन करायचा, हे वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून दिलं होतं. ज्या सेवेचे डॉक्टर हे सांगत नाहीत ती घेऊ नका.

तो फोन करायची वेळ आलीच. एका रात्री बाबा अचानक बेचैन झाले. चादर ओढणं, उठायचा प्रयत्न, मला ओळखेनात. दादाला वाटलं शेवट जवळ आला. रात्रीचा फोन लगेच उचलला गेला, आणि बोलायला थेट ड्युटीवरचे डॉक्टर, मधे ऑपरेटर नाही. त्यांनी झोपेचं औषध सांगितलं नाही. विचारलं, "पाय हलवतायत का? लघवी शेवटची कधी झाली? पोट कधी साफ झालं?" पाय हलत होते. बाकीच्या दोन प्रश्नांसाठी वही उघडली. शौचाचा रकाना रिकामा. वर, त्याच्याही वर रिकामा. लघवीपुढे 'ठीक'.

डॉक्टर दोन सेकंद गप्प राहिले आणि म्हणाले, "सिस्टरना पाठवतो." बदलीवाल्याच आल्या. ओटीपोटावर हात ठेवला, पायांची ताकद पुन्हा तपासली, कॅथेटर (लघवीची नळी) घातला. पिशवी भरत गेली तसतसे बाबांचे हात चादरीवरून सुटत गेले. नंतर एनिमा दिला. पहाटे बाबांनी मला नावाने हाक मारून पाणी मागितलं. झोपेच्या इंजेक्शनची गरज पडली नाही.

मॉर्फिनने येणारी गुंगी आणि मळमळ बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं आणि मॉर्फिन वाढलं की त्याकडेही पुन्हा बघायचं, असा साधा नियम आहे. बाबांचं मॉर्फिन वाढत गेलं, ते औषध पहिल्याच मात्रेवर राहिलं, आणि रकाना रिकामा असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. पोट तुंबलं की लघवीही अडू शकते. म्हणजे त्या रात्रीचं कारण एका रिकाम्या रकान्यात होतं, आणि ते ज्यांनी निस्तरलं तीही याच संस्थेची माणसं. आता गुण कुणाला आणि कसे द्यायचे सांगा.

दुसऱ्या दिवशी मी पर्यवेक्षकांना घरी बोलावलं आणि वही पुढ्यात ठेवली. त्यांनी पेन्सिलीचे गोल पाहिले. वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूने लिहिते. पुढच्या भेटीपासून वहीत छापील तक्ता आला: वेदना, थकवा, गुंगी, मळमळ, भूक, दम, उदासी, अस्वस्थता आणि एकूण बरं वाटणं, प्रत्येकाला शून्य ते दहा. हा तक्ता १९९१ सालचा, कॅनडातल्या एडमंटनचा आहे, काही नवा शोध नव्हे. खाली शौच आणि लघवीचे रकाने, तारखेसकट. नेहमीच्या सिस्टर रजेवरून परतल्या तेव्हा त्यांनीही आकडे भरले. वाईट बाई नव्हत्या त्या, विचारायची सवय गेली होती. नंतर बाबांना बोलवेना, तेव्हा त्या आकड्याऐवजी कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, मुठी हे लिहायला लागल्या.

गादीचं राहिलं. हवेची गादी असली तरी कूस बदलत राहावी लागते, नाहीतर बेडसोअर टळत नाही. गादी काम करतेय की नाही ते बघायची रीत बदलीवाल्या सिस्टरनी शिकवली: तळवा वर करून हात गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली सरकवायचा. हाड आणि हात यांच्यात निदान इंचभर उशी जाणवली पाहिजे. आमच्या हाताला सरळ हाड लागलं. हे वहीत तारीखवार लिहिलेलं आहे, त्यांच्याच सिस्टरच्या अक्षरात. तरी पॉलिसी.

मॉर्फिनमुळे माणूस लवकर जातो, असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. योग्य मात्रेत ते तसं करत नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरबद्दल तर २०१० साली प्रसिद्ध झालेला बोस्टनचा एक अभ्यास आहे: नेहमीच्या उपचारांबरोबर लवकर पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी ठेवणारे उपचार) मिळालेले रुग्ण मध्यक (निम्मे त्याहून जास्त, निम्मे कमी) ११.६ महिने जगले, न मिळालेले ८.९. तो हॉस्पिसचा अभ्यास नव्हे, हे खरं, पण आमच्यातल्या असं सांगणाऱ्या काकांचं तोंड बंद करायला पुरला.

शेवटचे दिवस त्यांनी उत्तम सांभाळले, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे. गिळता येईना तेव्हा धावपळ झाली नाही. कातडीखालून द्यायची औषधं दुखण्यासाठी, बेचैनीसाठी, घशातल्या घरघरीसाठी आधीच एका डब्यात घरी आणून ठेवली होती, प्रत्येकावर चिठ्ठी. घरघर ऐकून आम्हाला वाटत होतं बाबा गुदमरतायत. सिस्टरनी समजावलं की त्यांना ते बहुधा जाणवत नाही, त्रास ऐकणाऱ्याला होतो, आणि कुशीवर घेऊन दाखवलं. आवाज निम्मा झाला. तोंड ओलं ठेवायला स्पंजच्या काड्या कधी कमी पडल्या नाहीत.

नंतर उरलेलं मॉर्फिन मोजून, सही घेऊन परत नेलं. आईला महिन्याभराने समुपदेशकाचा फोन आला. ती आधी बोलेना, आता स्वतःहून करते. दुसरी सेवा शोधण्याचा विचार मी केव्हाच सोडला होता, आणि दादाच्या मित्राने विचारलं तेव्हा त्याला हाच नंबर दिला. सोबत सांगितलं, पहिल्या आठवड्याची पानं वाच.

वही ते जाताना घेऊन गेले, संस्थेची मालमत्ता म्हणून. मी झेरॉक्स मागितली. आली, पण शौचाचे रिकामे रकाने होते तीच पानं त्यात नाहीत. स्कॅन करताना सुटली असतील म्हणतात. लेखी मागणी पाठवली आहे.