ई-बर्ड वापरून सोलापुरात पाखरं कुठं शोधायची

मार्च उजाडला की जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या होतात. मग पाखरं बघायला माझ्याकडे आठवड्यातली एकच पहाट उरते, रविवारची. त्यातही नऊच्या पुढं सोलापूरचं ऊन माळावर थांबू देत नाही. नान्नजच्या माळावर जायचं, हिप्परग्याच्या तलावावर जायचं, की अंधारात निघून उजनी धरणाचं पाणी गाठायचं, हे शनिवारी रात्रीच पक्कं व्हायला हवं. त्यासाठी मी ई-बर्ड वापरते, म्हणजे लोक आपापल्या पक्ष्यांच्या नोंदी जिथं भरतात ते संकेतस्थळ आणि ॲप. मुलांना घेऊन पक्षीनिरीक्षण सुरू करणाऱ्या शिक्षकांनी तर ते नक्की वापरावं, असं माझं मत आहे. पण त्यातलं काय बघायचं आणि कशावर विसंबायचं नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान केंद्राने 2002 साली ऑडुबॉन संस्थेसोबत हे सुरू केलं. पूर्ण मोफत आहे. आपण कुठं गेलो, किती वेळ थांबलो, किती चाललो आणि कोणते पक्षी किती दिसले, याची यादी भरायची. वेगळी वाटणारी नोंद आली तर त्या भागाचे स्वयंसेवक ती तपासतात, पुरावा मागतात. आपल्याकडे बर्ड काउंट इंडियाची मंडळी हे काम पुढं नेतात.

नकाशा उघडला की ठिकाणांच्या खुणा दिसतात. जितक्या जास्त जातींची नोंद, तितका रंग लालीकडे झुकलेला. नवीन माणूस इथंच फसतो, कारण सगळ्यात लाल खुणेकडे गाडी वळवावीशी वाटते. पण तलावावर जाती जास्त असणारच. पाण्यातली बदकं, काठावरचे चिखले, बाभळीवरचे बगळे, वर घिरट्या घालणारी घार, सगळं एका जागी मिळतं. माळरानाची यादी छोटी असते, पण तिच्यातला धाविक तलावाच्या काठावर हुडकून सापडायचा नाही. म्हणून एकूण आकडा सोडून द्या आणि आपल्याला काय बघायचंय ते आधी ठरवा.

खरा उपयोग बार चार्टचा आहे, म्हणजे एखाद्या ठिकाणी कोणता पक्षी वर्षात कधी दिसतो ते दाखवणाऱ्या तक्त्याचा. तो संकेतस्थळावर बघावा, मोबाइलवर सगळं नीट उलगडत नाही. प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले असतात, आणि हिरवी पट्टी जितकी जाड तितक्या जास्त याद्यांमध्ये तो पक्षी आलेला असतो. एका नजरेत कळतं की हिवाळ्यात नान्नजच्या गवतावर तरंगणारे भोवत्ये, हे शिकारी पक्षी, उन्हाळा तापता तापता निघून जातात. पळस-पांगारा फुलला की त्यावर आणि ज्वारीवर तुटून पडणाऱ्या भोरड्याही परतीच्या वाटेला लागतात. उलट माळटिटवी, चंडोल, तितर ही इथलीच मंडळी, ती वर्षभर असतात. एप्रिलमध्ये भोवत्यासाठी नान्नजला जाणं आणि तितरासाठी जाणं यांत म्हणूनच फार फरक पडतो.

चार्ट किती याद्यांवर उभा आहे तेही बघायचं. तीन-चार याद्यांवर उभी राहिलेली जाड पट्टी मी मोजत नाही. आपल्या जिल्ह्यात लोक याद्या भरतात त्या मुख्यतः हिवाळ्यात आणि सुट्टीच्या दिवशी, तेही ठरलेल्या जागांवर. उन्हाळ्यात अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या माळावर पट्टी दिसली नाही म्हणजे तिथं पक्षी नाहीत असं नव्हे, तिथं यादी भरणारं कुणी गेलेलं नाही.

इथवर ई-बर्ड साथ देतं. नान्नजचा माळ मोठा आहे, त्यातल्या कुठल्या बांधावर उभं राहायचं हे मात्र ते सांगत नाही. ती युक्ती मला मावसभावाकडून मिळाली. तो अमेरिकेत मिसूरी राज्यात राहतो. तिथं वसंतात परवाना काढून रानटर्कीची शिकार करता येते. मुभा नराची असते, किंवा छातीवर दाढीसारखा केसांचा झुपका दिसणाऱ्या पक्ष्याची. हंगाम येतो एप्रिलच्या उत्तरार्धात, नर माद्यांना साद घालत असतात तेव्हा. तो सांगतो, शिकारी जागा आदल्या संध्याकाळी ठरवतो. टर्की रात्री झाडावर बसते. सूर्य बुडताना नर कुठल्या झाडीतून ओरडला ते ऐकून ठेवायचं आणि पहाटे अंधारात त्याच्या जवळपास जाऊन बसायचं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी. पण ऐकून जागा ठरवायची रीत आपल्या तितराला अगदी लागू पडते. तितरही रात्री काटेरी झुडपात, बाभळीत चढून बसतो आणि तिन्हीसांजेला व पहाटे खणखणीत ओरडतो. शनिवारी संध्याकाळी माळाच्या कडेला रस्त्यावर अर्धा तास उभं राहिलं की रविवारी कुठून सुरुवात करायची ते कळतं. यासाठी कुठलंही ॲप लागत नाही.

मावसभावाचे शिकारी दोस्त नराला जवळ आणायला मादीचा आवाज काढतात. आपल्याकडे काही हौशी फोटोवाले मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून तेच करतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. ऐन विणीच्या दिवसांत तो खाणंपिणं टाकून आवाजाच्या मागं फिरत राहतो. कुणाच्या फोटोसाठी हे होता कामा नये.

विणीचा मुद्दा जागा ठरवताना सर्वांत वर ठेवायला हवा. माळटिटवी, धाविक, चंडोल यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, खडीत खडी मिसळावी तशी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात एका मेंढपाळ मामांनी मला लांबूनच थांबवलं होतं, "बाई, तिकडनं नगा जाऊ, टिटवीची आंडी हायती. वड्याच्या कडंनं या." ही माहिती कुठल्याही चार्टमध्ये मिळणारी नाही. रोज त्या माळावर चालणाऱ्या माणसालाच ती असते, म्हणून आधी त्यांना विचारावं.

या बाबतीत ई-बर्डची एक गोष्ट मला फार आवडते. शिकारीचा, तस्करीचा किंवा गर्दीचा धोका असलेल्या जातींच्या नोंदींचं नेमकं ठिकाण ते सगळ्यांना दाखवत नाही. इतर पक्ष्यांच्या बाबतीत ती काळजी आपण घ्यायची. घरटं सापडलं तर टिपणात त्याची जागा लिहू नका. यादीही त्या बिंदूवर न टाकता अभयारण्याच्या सामाईक खुणेवर टाका.

नान्नजचं अभयारण्य 1979 सालचं, माळढोकासाठी राखलेलं. माळढोक बघायचाच या हट्टाने मात्र येऊ नका. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेला, एका खेपेला बहुधा एकच अंडं घालणारा पक्षी आहे तो, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला काळवीट, खोकड, नशीब असेल तर लांडगा, आणि डोक्यावर गात उभा चढत जाणारा चंडोल बघायला या. वनखात्याच्या चौकीवर विचारल्याशिवाय आत शिरू नका.

मुलांना पहिल्यांदाच न्यायचं असेल तर मात्र माझी पसंती हिप्परग्याच्या तलावाला. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, पक्षी काठावर उघड्यावर येतात आणि एकाच दुर्बिणीवर वर्गातल्या सगळ्यांची पाळी येईपर्यंत जागचे हलत नाहीत. यादी मुलांनाच मोजायला लावा आणि परतायच्या आधी तिथंच भरून टाका.